लोकांसमोरचा विश्वास आणि दार लावल्यावरचा विश्वास

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ लहानपणापासून चर्चच्या मंडळीत आहेत. रविवारची उपासना चुकवत नाहीत, प्रार्थनासभा चालवतात, गायनात पुढे असतात, उपवास करतात, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देतात. लोक त्यांना ‘आत्मिक माणूस’ म्हणतात. पण घरी जिभेवर ताबा राहत नाही, बायको-मुलांवर खेकसणं रोजचं झालं आहे, आणि एकट्यानं प्रार्थनेला बसलं की दोन मिनिटांत शब्द संपतात. ते विचारतात, “मी ढोंगी आहे का? हे सगळं आधी सोडून द्यावं आणि मन शुद्ध झाल्यावर परत यावं का? खरा विश्वास जगायला सुरुवात कुठून करायची?”

बंधू, मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो निर्णय तुम्ही मनात घेऊनही टाकला असेल. सोडू नका. पाळक म्हणून इतकी वर्षं काम करताना ‘आधी सुधारतो, मग येतो’ असं म्हणून दूर झालेले बरेच जण मी पाहिले. त्यांचं मन काही शुद्ध झालं नाही, फक्त त्या मनाची विचारपूस करणारं कुणी उरलं नाही. येशू पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांच्या पंक्तीला बसला तेव्हा शास्त्र्यांनी नाकं मुरडली, आणि तो म्हणाला की वैद्याची गरज निरोग्यांना नसते, आजाऱ्यांना असते. बरं झाल्यावर वैद्याकडे जाईन म्हणण्यात काय हशील आहे?

आता ढोंगाबद्दल. सभेत एक आणि घरात एक, ही जी दरी तुम्ही सांगता, ती प्रत्येक विश्वासणाऱ्यात कमीअधिक असते. प्रेषित पौलासारखा माणूस रोमकरांना लिहितो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्याकडून होत नाही, आणि जे वाईट नको असतं तेच मी करतो. दरी आहे एवढ्यानं कुणी ढोंगी ठरत नाही. त्या दरीवर झाकण घालायचं आणि लोकांनी त्या झाकणालाच विश्वास म्हणावं म्हणून धडपडायचं, तिथून ढोंग सुरू होतं. हा फरक मी पुन्हापुन्हा सांगतो, कारण तो कळला नाही तर प्रामाणिक माणूस स्वतःला ढोंगी समजून खचतो आणि ज्यानं खरं हादरायला हवं तो निर्धास्त झोपतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या ५ व्या अध्यायातलं हनन्या आणि सप्पीरा यांचं प्रकरण या नजरेनं पुन्हा वाचा. त्याच्या लगेच आधी बर्णबा आपली जमीन विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवतो. मग हे जोडपं आपली मालमत्ता विकतं, दोघं मिळून काही रक्कम मागे ठेवतात आणि उरलेली आणून देतात, जणू तेवढीच मिळाली होती. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला काय विचारतो ते बघा. जमीन होती तोवर ती तुझीच होती ना? विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते ना? म्हणजे थोडे दिले असते तरी चाललं असतं, काहीच दिलं नसतं तरी कुणी जाब विचारला नसता. त्यांना द्यायचा होता एक भाग आणि मान हवा होता सगळं दिल्याचा. मला हे नव्या करारातलं सर्वांत अस्वस्थ करणारं प्रकरण वाटतं, कारण ही माणसं कंजूष किंवा धर्माला हसणारी नव्हती. ती मंडळीतली होती आणि त्यांनी खरोखर पैसे दिले होते.

तेव्हा स्वतःला विचारायचं ते हे: लोक ‘आत्मिक माणूस’ म्हणतात तेव्हा मी तो समज वाढू देतो का? सभेत “प्रभूनं मला राग जिंकायला शिकवलं” असं कधी सांगितलं आहे का, आणि तेव्हा घरची माणसं समोर बसलेली होती का? याचं उत्तर मला कळवायची गरज नाही. ते तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं.

आता प्रार्थनेचं. तुम्ही दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, घरातला राग आणि एकांतातली कोरडी प्रार्थना. पवित्र शास्त्रात त्या दोन्ही एका वाक्यात आहेत. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात पतींना सांगितलं आहे की पत्नीशी समजुतीनं वागा, तिला मान द्या, कारण जीवनाच्या कृपेत तीही तुमच्याबरोबर वाटेकरी आहे; असं वागा म्हणजे तुमच्या प्रार्थनांमध्ये अडथळा येणार नाही. मी हे वचन लग्नाच्या उपदेशात अनेकदा ऐकलं आहे, पण शेवटचा भाग बहुतेक वेळा घाईत उरकला जातो. पेत्र म्हणतो की स्वयंपाकघरात जे झालं त्याचा परिणाम प्रार्थनेच्या खोलीत होतो. तुमचे शब्द दोन मिनिटांत संपतात याचं हे एकमेव कारण असेल असं मी म्हणणार नाही. थकवा असतो, दुःख असतं, नैराश्याचा आजारही असू शकतो. पण तुमच्या पत्रात हे कारण अगदी वर तरंगत आहे.

मार्क ७ मध्ये येशूनं याच दुखण्यावर बोट ठेवलं. आईबापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं जाहीर करून काही लोक त्यांच्या जबाबदारीतून मोकळे होत होते. देवाचं नाव पुढे करून घरचं कर्तव्य टाळलं जात होतं, आणि तेही शास्त्राच्या चौकटीत बसवून. पौलही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला मंडळीच्या अध्यक्षाची पात्रता सांगताना शिकवण्याची हातोटी हवी असं म्हणतो खरं, पण त्याच दमात म्हणतो की तो मारका नसावा, सौम्य असावा, आपलं घर नीट सांभाळणारा असावा. आपण मंडळीत माणसं निवडताना पहिलं तेवढं बघतो. आवाज चांगला, प्रार्थना लांब आणि ओघवती, की झाला पुढारी! यात दोष निवडणाऱ्यांचाही आहे.

म्हणून सुरुवात घरापासून करा. मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. लक्ष द्या, इथे ‘तुझ्या मनात कुणाविरुद्ध काही असेल’ असं म्हटलेलं नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आठव, असं म्हटलं आहे. आपल्या मनात कुणाबद्दल राग नाही असं म्हणून आपण सुटतो. ज्याला आपण दुखावलं त्याच्या मनाचा हिशोब आपण धरत नाही.

एक गृहस्थ माझ्याकडे मनाला शांती मिळावी म्हणून प्रार्थनेसाठी येत असत. मंडळीत मानाचं स्थान, वचनांचा चांगला अभ्यास. दरवेळी डोळ्यांत पाणी यायचं आणि दरवेळी आठवड्याभरात ते तसेच परत यायचे. एकदा मी विचारलं, “भावाशी बोलणं आहे का?” त्यांनी हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं, परत उघडलं, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “त्याचा इथे काय संबंध?” वडिलांच्या माघारी वाटणीत भावावर अन्याय झाला होता आणि तो त्यांनीच केला होता. मी त्या दिवशी प्रार्थना केली नाही. लूक १९ मधला जक्कय नावाच्या जकातदाराचा भाग काढून त्यांच्या हातात दिला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवलं, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करण्याचं कबूल केलं. त्यानंतर येशू म्हणतो की आज या घराला तारण झालं आहे. ते गृहस्थ रागावून गेले, बरेच दिवस आले नाहीत. पण पुढे वाटणीतला भाग त्यांनी परत केला. भाऊ लगेच जवळ आला नाही, आणि येईल याची खात्री मीही दिली नव्हती. पण शांतीसाठी प्रार्थना करा असं म्हणत ते परत माझ्याकडे आले नाहीत.

तुमच्या बाबतीत परत करायची वस्तू पैसा नाही, मान आहे. बायकोची माफी मागताना “माझं काही चुकलं असेल तर माफ कर” असं म्हणू नका. त्या ‘असेल तर’मध्ये सगळं निसटून जातं. जे केलं ते नाव घेऊन सांगा: “काल मुलांसमोर मी तुला ‘तुला काही कळत नाही’ म्हणालो. ते चूक होतं आणि ते मी मुलांसमोर म्हणालो म्हणून मुलांसमोरच सांगतो आहे.” मग थांबा. ‘पण तूही’ हे शब्द तोंडाशी येतील, ते गिळा. रडू नका, रडू आलंच तर तिनं तुमची समजूत काढावी अशी वेळ आणू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे क्षमेची वचनं तिच्यासमोर ठेवू नका. किती वेळा क्षमा करावी असं पेत्रानं विचारलं तेव्हा येशूनं त्याला ‘सत्तर वेळा सात’ असं सांगितलं होतं. चुकलेल्यानं ते समोरच्याकडून वसूल करायचं नसतं. तिला विश्वास बसायला वेळ लागेल. तो वेळ तिचा आहे.

मुलांचीही माफी मागा. बाप माफी मागतो तेव्हा त्याचा मान जातो असं अनेकांना वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या तरुणांशी बोलून मला दिसलं ते उलट आहे: बापाच्या चुकांनी मुलं विश्वासापासून जेवढी तुटत नाहीत, तेवढी त्या चुका झाकणाऱ्या प्रार्थनांनी तुटतात.

आणखी एक स्पष्ट बोलतो. खेकसण्याच्या पलीकडे जाऊन हात उगारला जात असेल, घरची माणसं तुम्हाला घाबरत असतील, तर माफी आणि प्रार्थना पुरेशी नाही. मग घरच्यांची सुरक्षितता आधी. समुपदेशकाकडे जा, जरूर असेल तर काही काळ वेगळे राहा. आणि असं काही कानावर आलेल्या पाळकानं त्या बाईला ‘सहन कर’ असं सांगू नये.

आता एकांताबद्दल. मत्तय ६ मध्ये येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तीन गोष्टी घेतो. तिन्ही कराव्यात हे तो धरूनच चालतो. फक्त लोकांनी बघावं म्हणून करणाऱ्यांबद्दल म्हणतो की त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे. बघणारे हवे होते, ते मिळाले. व्यवहार तिथेच मिटला. मग तो दार लावून घेऊन, गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याकडे प्रार्थना करायला सांगतो. पण त्याच उपदेशात, एक अध्याय आधी, तो म्हणतो की तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची सत्कर्मं पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा. दोन्ही एकदम कसं करायचं, असं मला लोक विचारतात. माझं उत्तर असं आहे की विश्वास उघड करणं महागात पडतं तिथे तो उघड ठेवावा, आणि जिथे त्यानं मान वाढतो तिथे थोडं आड व्हावं. दानिएलानं यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना केली ती प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघालेला असताना; तिथून सिंहांच्या गुहेकडे वाट जात होती. तुमच्या भोवती प्रार्थनेमुळे वाहवा होते. म्हणून तुम्हाला आत्ता खिडकीपेक्षा बंद दाराची गरज जास्त आहे.

काही चांगली कामं अशी करा की ती कुणालाच कळणार नाहीत, साक्ष म्हणूनही कधी सांगितली जाणार नाहीत. दान दिलं तर फोटो नाही, उपवास केला तर उल्लेख नाही. पहिल्यांदा केलंत की कळेल, सांगण्याची ओढ किती जबर असते. त्या ओढीवरून आपण आजवर कुणासाठी काय करत होतो याचा अंदाज येतो.

बंद दारामागे शब्द संपतात, त्याबद्दल मला वाटतं की तुमचे सभेतले शब्द संपतात, तुमचे स्वतःचे अजून सुरूच झालेले नाहीत. सभेत इतरांना ऐकू जाईल अशी भाषा लागते. दार लावल्यावर ती भाषा उपयोगाची नाही. स्तोत्रसंहितेकडे जा, पण फक्त स्तुतीच्या स्तोत्रांकडे नको. १३ वं स्तोत्र ‘किती काळ?’ अशा तक्रारीनं सुरू होतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही जोडलेली नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. लूक १८ मधला जकातदार मंदिरात दूर उभा राहून एवढंच म्हणतो की हे देवा, मज पाप्यावर दया कर. त्याच गोष्टीतल्या परूशाची, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या माणसाची, प्रार्थना मोठी होती, त्यात खोटं बहुधा काहीच नव्हतं. तो खरोखर आठवड्यातून दोनदा उपवास करत असेल, दशांश देत असेल. पण त्यानं देवासमोर स्वतःची यादी ठेवली आणि शेजारच्याशी तुलना केली. तुम्ही बसाल तेव्हा “प्रभू, मला तुझ्याशी बोलावंसं वाटत नाही” एवढं जरी खरं असेल तरी ते सांगा. मग गप्प बसा. दोन मिनिटं खरी प्रार्थना झाली तर ती अर्ध्या तासाच्या सुंदर प्रार्थनेपेक्षा मला अधिक मोलाची वाटते.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. शास्त्रांची जाण, त्याग, सेवा, कशातच उणीव नव्हती. तरीही आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर ८ वर्षांनी त्यांना कळून आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. एवढ्या मोठ्या बाईनं हे लिहून ठेवलं, म्हणून माझ्यासारख्या कितीतरी जणांना ते स्वतःबद्दल म्हणण्याची हिंमत झाली. आणि त्यांनी काय केलं ते तुमच्या प्रश्नाशी नेमकं जुळतं. कळून आल्यावर त्यांनी सदन बंद करून एकांतवास धरला नाही. काम चालूच राहिलं, आणि पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुलींना आणि बायकांना त्यांनी केडगावला आसरा दिला. ती आठ वर्षं खोटी होती असं मी मानत नाही. त्या सगळ्या सेवेला एक मालक मिळायचा होता, तो मिळाला.

एकट्यानं हे होणार नाही. याकोब सांगतो की आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. त्याचा अर्थ व्यासपीठावरून सगळं सांगून टाका असा घेऊ नका. तीही कधीकधी एक प्रकारची वाहवाच होते. एक माणूस शोधा. तुमच्याबद्दल आदर असलेला, पण तुम्हाला न भिणारा. दुसऱ्याची बायको बळकावलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्टा मिळाला, ज्यानं गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगून शेवटी राजाच्या तोंडावर म्हटलं की तो मनुष्य तूच आहेस. अंत्युखियात पेत्र आधी परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यहूदी रीत पाळणारी याकोबाकडची माणसं आल्यावर घाबरून वेगळा बसू लागला, आणि बर्णबाही त्यात ओढला गेला. पौलानं पेत्राला सर्वांसमोर धरलं. जमीन विकून देणारा बर्णबा आणि मंडळीचा खांब असलेला पेत्र जर लोक काय म्हणतील या भीतीनं वाकले, तर तुम्हा-आम्हाला कुणीतरी धरणारा हवा. त्या माणसाला तुमच्या पत्नीशी मोकळेपणी बोलण्याची मुभा द्या. ती अट घातली नाही, तर तुम्ही त्यालाही सभेतलंच रूप दाखवाल.

बदल झाला की नाही हे कसं कळेल, असं तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची नऊ रूपं दिली आहेत. त्यातली सहनशीलता, ममता, सौम्यता ही जवळ राहणाऱ्याला आधी जाणवतात, आपल्याला स्वतःला फार उशिरा. म्हणून काही महिन्यांनी मंडळीला विचारू नका, पत्नीला विचारा. तिनं “थोडं” म्हटलं तर देवाचे आभार माना. “नाही” म्हटलं तर तिच्याशी वाद घालू नका, तुम्ही शोधलेल्या त्या माणसाकडे जा.

राहता राहिली तुमची प्रार्थनासभा. ती कायमची सोडायला मी सांगत नाही, पण घरी बोलणं होईपर्यंत ती दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या आणि तुम्ही सगळ्यांबरोबर बसा. कारण विचारलं तर “घरी एक गोष्ट आधी नीट करायची आहे” एवढं सांगितलं तरी पुरे. लोक चर्चा करतील, तेवढी करू द्या. आणि जमलं तर हे आजच बोला, मुलं झोपायच्या आधी.